बांधापलीकडचा हिरवा मका

मंगळवार, संध्याकाळ

धाकट्या जावेचा मका बघवत नाही. केवढा हिरवा. नांगरट न करता, जमीन झाकायला पेरलेली बाजरी आडवी पाडून तिनं त्यातच मका टोकला. मी बांधावरून बघून तसंच केलं. विचारलं मात्र नाही. तिला काय विचारायचं? आता माझा पिवळा पडलाय.

आज स्वतःच आली. म्हणाली, "अक्का, टोकतानाच युरिया दिल्ता ना? बाजरी कुजताना जमिनीतलं नत्र वढून घेती."

"दिल्ता की," मी म्हणाले. का म्हणाले?

आता तिच्यादेखत युरिया टाकू कसा? केवढा हिरवा आहे तिचा. गुरुवारी ती शिर्डीला जाणार आहे, तेव्हा टाकेन. तोवर माझा मका उपाशी राहिला तरी चालेल.