आमच्या रस्त्याचं कोपर

ती. मामांस,
भाच्याचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींनी साखरेचा डबा अजून तुमच्या हाताबाहेरच ठेवला असेल, अशी आशा आहे. आम्ही इकडे सुखरूप आहोत, म्हणजे परवापर्यंत होतो.

हे उपनगर एकेकाळी वेशीबाहेर होतं. शहर फुगत गेलं आणि त्यानं याला गिळलं (पण अजून पचवलेलं नाही). छापखान्यांच्या जागी कॉफीची दुकानं आली, आणि साबणाच्या कारखान्याच्या खोल्या झाल्या, त्यातली एक आम्ही भाड्यानं घेतली. दमट हवेत भिंतींना अजून साबणाचा वास येतो, त्यामुळे पाहुणे आम्हाला फार टापटिपीचे समजतात. ते असो. आमचा रस्ता बाणासारखा सरळ येतो आणि मध्येच कोपरासारखा वाकतो. का, ते कुणी धड सांगेना. माझ्या डोक्यात किडा वळवळला की जेवण गोड लागत नाही, हे तुम्ही जाणताच.

न्हावी म्हणाला, खालून ओढा वाहतो, रस्ता त्याच्यासोबत वळला (वस्तरा गळ्यावर होता, तेव्हा मी उलटतपासणी केली नाही). शिंप्याच्या मते ओढाबिढा सगळ्या थापा, रस्ता आखणारा मोजणीदार पिऊन आला होता. दोघांमध्ये कित्येक वर्षांचा अबोला, त्यामुळे समोरासमोर शहानिशाही होईना. शेवटी भर दुपारी मीच वळणावरच्या लोखंडी झाकणाला कान लावून आडवा झालो.

मामा, खरंच झुळझुळ ऐकू येत होती! पण रस्त्यात आडवा माणूस दिसला की लोकांना राहवत नाही. कुणी तोंडावर पाणी मारलं, कुणी बूट काढून तळवे चोळले. मी म्हटलं, गप्प बसा, खालून आवाज येतोय. त्यावर खाली कुणीतरी पडलंय अशी बोंब झाली आणि अग्निशामक दल आलं. ही बाल्कनीतून पाहत होती. हा गृहस्थ आपल्या ओळखीचा नाही, असं तिनं शेजारणीला सांगितल्याचं मागाहून कळलं.

जवानांनी झाकण उचललं. खाली विटांची देखणी कमान, आणि तिच्यातून वळण घेत जाणारं निवळ पाणी. न्हाव्यानं शिंप्याकडे पाहिलं. शिंपी म्हणाला, "मोजणीदार प्यायलेला होताच. पण ओढाही आहे." एवढ्या वर्षांनी तो न्हाव्याशी बोलला ते हे.

तेवढ्यात वळणावरच्या घरातल्या आजी काठी टेकत आल्या आणि वाकून पाहू लागल्या.

"यात मी कपडे धुतलेत," त्या म्हणाल्या. "आटला म्हणून सांगितलं होतं आम्हाला."

मग त्या हलायलाच तयार होईनात. न्हाव्यानं आपली खुर्ची आणून दिली. ऊन कलेपर्यंत आजी तिथे बसून पाणी ऐकत होत्या, आणि झाकण परत लावायची आठवण जवानांना कुणी करून दिली नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
आडवा पडलेला भाचा

ता. क. : हा रस्ता सरळ करायचा नकाशा पालिकेत तुमच्याच टेबलावर सहीला आल्याचं ऐकतो. त्यातली सरळ रेघ आजींच्या स्वयंपाकघरातून जाते. सही करण्याआधी एकदा येऊन त्या झाकणाला कान लावा. अंथरायला सतरंजी मी देईन.

ता. क. २ : जवानांनी नाव, हुद्दा विचारला तेव्हा गडबडीत माझ्या तोंडून तुमचंच नाव आणि हुद्दा निघाला. रस्त्यात का पडला होतात, अशी विचारणा आली तर दचकू नये. पाहणी चालू होती असं सांगावं, आणि ते खरं करायला लवकर यावं.