एका अक्षराचा अर्थ

प्रिय गणितबाई,

माझं अक्षर ओळखलंस तर पाकीट न फोडताच टाकशील, म्हणून पत्ता टाइप करून घेतला आहे. लबाडी आहे, कबूल. पण एकदा फोडलंस की शेवटपर्यंत वाचशील. मुलांची कितीही गचाळ वही तू कधी अर्धवट तपासून परत दिली नाहीस.

आधी इकडचं सांगते. आमची प्रयोगशाळा तिसऱ्या मजल्यावर गेली. खिडकी मिळाली, पण तिच्यासमोरच फ्रीझर उभे केलेत, त्यामुळे उजेड खातात ते. माझे गुडघे कुरकुरतात आणि हाताखालच्या मुली पाठीमागे मला 'अक्षरबाई' म्हणतात, कारण सात वर्षं मी एकाच अक्षराच्या मागे आहे. ते अक्षर तुमच्या घरातलं.

तू माझ्याकडे घराण्याची आकृती काढून आणली होतीस. आजी, थोरली मावशी, आई, आणि प्रत्येकीपुढे जातानाचं वय. एकोणपन्नास, सत्तेचाळीस, चव्वेचाळीस. "हा योगायोग असेल तर मी गणित शिकवणं सोडते," म्हणालीस. तुम्हा दोघी बहिणींचं रक्त तपासलं. दोघींच्याही एका जनुकात एकच अक्षर बदललेलं निघालं. तो बदल तोवर फारसा कुणी पाहिलेलाच नव्हता, म्हणून अहवालात शब्द आला, 'अनिश्चित'. कर्करोगाचं कारण असेल, नसेलही. अशा अहवालावरून कुणाच्या शरीरावर सुरी चालवायची नाही, हा आमचा नियम. धाकटीनं मला विचारलं होतं, "ताई, अंडाशय काढून मोकळी होऊ का? रोजची धास्ती तरी जाईल." मी म्हणाले, "घाई नको, दर वर्षी तपासत राहू." तो आजार तपासणीत लवकर हाती लागत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी म्हणाले.

चार वर्षांनी ती त्याच आजारानं गेली. दवाखान्याच्या जिन्यात तू म्हणालीस, "तुझ्या त्या एका शब्दानं तिला मारलं," आणि उतरून निघून गेलीस. नियम चुकीचा नव्हता आणि धाकटी राहिली नाही. या दोन्हींची बेरीज तुला जमत असेल तर मला शिकव.

पण मी हातपाय गाळून बसले नाही, एवढं तुला कळायला हवं. पुढच्या वर्षी आमच्या संशोधनातल्या सगळ्या घरांना फॉर्म गेला, त्यातून नाव काढायचं असेल तर भरून पाठवा म्हणून. तुझा परत आला तो लाल पेननं आडवी रेघ मारून, खाली 'नाव राहू दे' लिहून. मग मी तोच बदल असलेली घरं शोधायला निघाले. कुणी बसवून घेतलं, कुणी दारातूनच वाटेला लावलं. अकरा घरं मिळाली. तुझी धाकटी मावशी एकोणऐंशीची, दंड पुढे करून म्हणाली, "घे बाई, म्हातारीच्या अंगात नुसतंच फिरतंय ते." तिच्यात बदल नाही, आणि तिला आजवर काही झालेलंही नाही. इतर घरांतही जवळपास हेच दिसलं. ज्या आजारी पडल्या, त्यांच्यात तो बदल होता. मग आम्ही तो पेशींमध्ये घालून पाहिला. चांगली पेशी आतली मोडतोड स्वतःच सांधते, या पेशींना ते जमेना. तीनदा केलं, तीनदा तेच. माझ्या मनाचा खेळ नको म्हणून दुसऱ्या प्रयोगशाळेला नावं झाकून नमुने दिले. त्यांचंही उत्तर तेच आलं.

गेल्या आठवड्यात असे बदल घातक की निरुपद्रवी हे ठरवणाऱ्या समितीनं 'अनिश्चित' हा शब्द काढला. तो बदल आता घातक ठरला आहे. तुझी आकृती बरोबर होती, धाकटीचं म्हणणंही. आणि तो बदल तुझ्यात आहे, म्हणून हे पत्र. माफी मागायला वेगळं लिहीन, त्याला घाई नाही. याला आहे. सोमवारी आमच्या समुपदेशक बाईंचा फोन येईल. त्यांना विचारूनच आधी कळवते आहे, अनोळखी आवाजात तुझ्या कानावर पडू नये म्हणून. तो फोन उचल. बुधवारी सकाळी साडेदहाची शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांची वेळ तुझ्या नावानं राखून ठेवली आहे. तुझ्या लेकीत हा बदल असण्याची शक्यता निम्मी. तिचं रक्त तिला वाटेल तेव्हाच तपासू, तिला मीच सगळं समजावीन. बुधवारी मी बाहेरच्या बाकावर बसलेली असेन. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पलीकडच्या टोकाला बस. पण ये.

तुझीच,
शाळेपासूनची शेजारीण