ओल्या कोब्यावरची फरशी

प्रिय मुकुल,

एकाच घरात राहून आई पत्र लिहिते म्हणून हसू नकोस. तोंडी बोलायला गेले की तुझा फोन वाजतो, नाहीतर तू "आई, नंतर" म्हणतोस. तांजोंग पगारच्या ऑफिसातून घरी येतोस तोही निम्माच. म्हणून लिहिते, आणि चांगली रागावून लिहिते.

मला सांग, सिंगापुरात जमीन तापवतं कोण? बाहेर अंगाची काहिली होते आणि आत तुम्ही एसी लावून कुडकुडता. "पाय गार पडतात रे," असं मी म्हणाले होते. त्याचा अर्थ एसी बंद कर, एवढाच. याहून स्पष्ट कुठली आई बोलते? तर तू या नव्या फ्लॅटमध्ये माझ्या खोलीच्या फरशीखाली तापणाऱ्या तारा घालायला निघालास. वर एसी, खाली शेगडी. तरी मला बरं वाटलं, हेही लिहिते. पोरानं मनावर घेतलं म्हणून सेरंगूनभर सांगत सुटले होते मी.

बेडोकचा तो कंत्राटदार माझ्यासमोर तुला बजावत होता. तारांवरचा कोबा अजून ओला आहे, पुरता वाळू दे, मग हळूहळू तापवून बघू, फरशी त्यानंतर. कादंबरीही थांबू या म्हणाली. पण तुला वास्तुशांत अक्षय्य तृतीयेलाच हवी होती. एरवी पंचांग म्हटलं की नाक मुरडणारा तू, "वाळलाय आता" म्हणून कादंबरीला, स्वतःच्या बायकोला, गप्प केलंस आणि त्याच्याकडून ओल्या कोब्यावरच फरशी बसवून घेतलीस.

आणि त्या दिवशी काय मिरवलास! पाहुण्यांना अनवाणी माझ्या खोलीत नेलंस, बटण एकदम पूर्ण फिरवलंस. तुझा मित्र शैलेंद्र तर कौतुकानं मांडी घालून बसला. आरती चालू असताना खोलीतून फटाका फुटावा तसा आवाज आला. जाऊन बघतो तर मधल्या फरश्या तंबूसारख्या वर उचललेल्या. सगळे तुझ्याकडे बघायला लागले, तेव्हा तू हसत म्हणालास, "आईनं बादलीभर पाणी ओतून धुतली असणार. जुनी सवय." सगळे हसले. त्या खोलीत मी ओला फडकासुद्धा फिरवला नव्हता, मुकुल. नैवेद्य व्हायचा होता, घरात पाहुणे होते, म्हणून मी गिळलं.

तेव्हापासून माझ्या दाराशी कोरडा मॉप असतो. फरशी कशी पुसायची ते कादंबरीनं मला समजावून सांगितलं, अगदी गोड शब्दांत. पोरगी वाईट नाही, तिनं तुझ्यावर विश्वास ठेवला. पण तो समजूतदार आवाज ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी काढली मी. तिथे साहेबांनीसुद्धा कधी स्वतःची चूक माझ्या माथी मारली नाही.

काल तू दार लोटून म्हणालास, "कंत्राटदार उद्या येतोय. पाणी तूच ओतलंस असं कादंबरीसमोर फक्त हो म्हण ना आई, विषय संपेल." तुझा संपेल. माझा तिथून सुरू होईल. उद्या नळ गळला, ओव्हन बिघडला, तरी आधी माझ्याकडेच बघितलं जाईल. या घरात मला म्हातारी म्हणून राहायची तयारी आहे, वेंधळी म्हणून नाही.

तेव्हा मी हो म्हणणार नाही. आणि भांडणारही नाही, कारण भांडणात तू मला बोलूच देत नाहीस. हे पत्र मी तुझ्या हातात देत नाही. कादंबरीकडे देतेय, तुला द्यायला. पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझीच, आणि तरीही तुझीच,
आई