जालन्याला न येण्याची अकरा कारणं

मु. लिंबाळवाडी, ता. परतूर
बुधवार, दुपार

आदरणीय साडूभाऊ भागवतराव आणि मालनअक्का यांना पुंजारामचा सप्रेम जय भीम.

तुमचा गुडघा काय म्हणतो? अक्कांची साखर उतरली का, की अजून चहात चोरून दोन चमचे चालूच आहेत? (चोरून त्या घेतात. तुम्ही तर उघड घेता, म्हणून तुम्हाला काही होत नाही.) इकडे मी ठीक आहे. काळजी करण्यासारखं काही नाही, आणि नाही म्हणतोय म्हणून लगेच करायला लागू नका. हे पत्र उभ्यानं वाचू नका, ओट्यावर नीट बसून वाचा, कारण लांब आहे. फोन का केला नाही म्हणाल, तर बेचाळीस वर्षं ज्यानं सात खेड्यांत टपाल वाटलं त्यानं फोनवर मन मोकळं करणं बरं दिसत नाही. शिवाय फोनवर माझा आवाज कापतो आणि समोरच्याला वाटतं रेंज नाही.

तर विषय तुम्हाला माहीतच आहे. आमचा धम्मपाल एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत आहे, सूनबाई प्रीती दवाखान्यात नर्स आहे, आणि तिची बाळंतपणाची रजा संपली. सहा महिन्यांच्या प्रियदर्शनीला सांभाळायचं कुणी? धम्मपाल म्हणाला, आई-बाबा, तुम्ही दोघं आता कायमचे जालन्यालाच या. आमच्या गिरिजाबाईंनी हे वाक्य पुरतं ऐकलंच नाही. 'या' ऐकलं आणि पिशवी भरली. मी म्हणालो, असे निर्णय घाईनं होत नसतात, दोन्ही बाजू तोलून पाहाव्या लागतात. मी जुन्या वहीतलं कोरं पान काढलं, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'जावं' आणि उजवीकडे 'जाऊ नये' असं लिहिलं. गिरिजानं ते पान बघितलं आणि म्हणाली, "तुमचं तोलणं चालू द्या. मी चाल्ले. पण जल्दी तोला, पोरीला दात आल्यावर याल तर ती तुम्हाला वळखणार न्हाई." त्याला आज नऊ दिवस झाले. ती तिकडे आहे, मी इकडे आहे, आणि पान मधल्या खुंटीला टांगलेलं आहे.

आता खरं सांगतो, मला भीती वाटते. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी हे लिहायला लाज वाटत होती, पण लिहिल्यावर वाटत नाही. डाव्या बाजूला मी प्रामाणिकपणे चार-पाच फायदे लिहिले होते, पण एकेक करून ते सगळे रेघ ओलांडून उजवीकडे गेले. उदाहरणार्थ, दवाखाना जवळ. आपल्याकडे ताप आला आणि परतूरला न्यायचं म्हटलं की अर्धा ताप वाटेतल्या खड्ड्यांतच उतरतो. तिकडे दवाखाना बिल्डिंगीच्या खालीच, त्यात सून नर्स. म्हणजे शिंकलो की नेलंच. मग रक्त तपासणार, आणि इतकी वर्षं कुणी न तपासलेल्या रक्तात काहीतरी सापडणारच. किंवा चौथा मजला. वारा छान येतो, हे मी फायद्यात लिहिलं होतं. पण जन्मभर ज्याच्या घराला एकच पायरी होती, त्याला गॅलरीतून खाली बघवत नाही, वारा कितीही छान असो. (मी गॅलरीत कठड्याकडे पाठ करून उभा राहतो. प्रीतीला वाटतं बाबांना घर बघायला आवडतं.)

हे सगळं मी ऐकीव लिहीत नाही. मागच्या महिन्यात आम्ही दोघं पाच दिवस तिकडे राहून आलो. पहिल्याच संध्याकाळी मी सहज खाली फिरून आलो, तर फाटकावरच्या रखवालदारानं मला अडवलं. माणूस भला होता, अंबडकडचा. "बाबा, कोणाकडं जायलाव? वहीत लिहा." साडूभाऊ, आयुष्यात मी ज्या दारात गेलो तिथं लोक माझी वाट बघत असायचे, आणि इथं माझ्याच पोराच्या घरी जायला वही. लिहिलं. नाव लिहिलं, वेळ लिहिली, पुढं रकाना होता, 'कामाचं स्वरूप'. मी बराच वेळ पेन धरून उभा राहिलो आणि शेवटी लिहिलं, 'बाप'. त्यानं वाचलं आणि म्हणाला, "असं न्हाई लिवत. पाव्हणे लिवा." मी खोडून पाहुणे लिहिलं.

त्याच्या टेबलावर एक खोकं पडलेलं होतं. टपाल दिसलं की माझा हात आपोआप जातो, म्हणून पत्ता वाचला. दुसऱ्या मजल्यावरचे कुणी गृहस्थ. म्हणालो, हे पोहोचवलं का नाही? तर म्हणाला, ते दिवाळीतच वारले, त्यांच्या नावानं अजून येत राहतं. वर येताना मी दुसऱ्या मजल्यावर समोरच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला विचारलं, तर त्याला आपला शेजारी वारल्याचं माहीत नव्हतं! गावाला गेले असतील म्हणाला. आमच्या खात्यात अशा टपालावर एक शेरा मारतात, 'पत्त्यावर आढळत नाही'. हा शेरा मी पुष्कळ पत्रांवर मारला, पण माझ्यावर कुणी मारेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी जेवण गेलं नाही. कारण नंबर सात ते हेच, आणि सगळ्यांत मोठं तेच आहे.

आता जुन्या जालन्यातला प्रकार. तुमच्या समोरच्या उषाबाईंनी सांगितला असेलच, पण त्यांना शेवटचा अर्धाच माहीत आहे. झालं असं की प्रियदर्शनीच्या झबल्यांना मऊ सुती कापड हवं होतं. धम्मपालनं मला सकाळी गाडीवरून कापडाच्या गल्लीत सोडलं आणि परत येताना रिक्षा करा म्हणाला. कापड घेतलं आणि चालायला लागलो. आता आपल्या गावाची रीत तुम्हाला माहीत आहे. समोरून माणूस आला की नमस्कार घातल्याशिवाय पुढं जायचं नाही. कुणाला जय भीम, कुणाला रामराम, इस्माईलभाईंना सलाम, माळकऱ्यांना जय हरी. माणूस वळणावर दिसला की तोंडात बरोबर शब्द तयार असतो. पण जालन्यात समोरून माणसांचा लोंढा येतो आणि कोण कुठला, चेहऱ्यावरून काही कळत नाही. चुकीचा नमस्कार घातला तर? न घातला तर माजला म्हणतील. म्हणून मी युक्ती काढली, की तोंडानं काही बोलायचंच नाही, नुसता हात वर करायचा, ज्याचा त्यानं आपापला समजून घ्यावा.

पहिल्या हाताला एक रिक्षा थांबली. मला वाटलं, किती सभ्य माणूस, नमस्कार घ्यायला गाडी थांबवली. मी विचारलं, बरं आहे ना? तो म्हणाला, "हां चाचा, बैठो." मी म्हणालो, नाही, बसत नाही, घाई आहे. तेवढ्यात समोरून एक म्हातारे आले, त्यांना हात केला, तर दुसरी रिक्षा. मग तिसरी. गिऱ्हाईक कुणाचं यावर त्यांचं आपसात सुरू झालं, मागे ज्वारीच्या पोत्यांचा टेम्पो अडकला, त्याच्या मागे मोटारसायकली, सगळ्यांनी हॉर्न धरले. मी घाबरून दोन्ही हात वर केले, म्हणजे बाबांनो, जा, मला काही नको. तर रस्त्याच्या पलीकडच्या दोन रिक्षा वळून आल्या! पहिला रिक्षावाला शेवटी वैतागून म्हणाला, "चाचा, बैठनाच नइ तो हात कायको दिखाया?" मी म्हणालो, "नमस्कार करून राह्यलो." "किसको?" "समद्यांना." त्यानं माझ्या हातातली पिशवी घेऊन आत ठेवली आणि मला दंडाला धरून हळूच बसवलं.

कुठं सोडू, विचारलं, तर बिल्डिंगीचं नाव आठवेना. सिद्धी होतं की समृद्धी? तो म्हणाला, दोन्ही नावाच्या पाच-पाच आहेत. घामानं सदरा भिजला. खिशात फोन होता, पण पोराला काय सांगू, जन्मभर लोकांची घरं शोधून देणारा बाप हरवला म्हणून? आणि मग माझ्या तोंडून जालन्यातला एकच पत्ता आला, जो मी तीस वर्षं पाकिटांवर लिहीत आलो. श्री. भागवतराव, तेलघाण्याशेजारची गल्ली, निळं दार, जुना जालना, पिनकोडसकट. (तो म्हणाला, पिनकोड रहने दो.)

निळ्या दाराला कुलूप होतं. तुम्ही अक्कांना घेऊन सेलूला लग्नाला गेलेले. मी तुमच्या पायरीवर बसलो आणि साडूभाऊ, लपवत नाही, डोळ्यांत पाणी आलं. समोरच्या ओट्यावर एक बाई गहू निवडत होत्या (याच उषाबाई, हे मला मागून कळलं). त्यांनी चष्म्यावरून बघितलं, पिशवी बघितली, पुन्हा मला बघितलं आणि म्हणाल्या, "तुम्ही परतूरकडचे टपालवाले साडू तर न्हाई?" मी म्हणालो, तुम्ही कसं ओळखलं? तर म्हणाल्या, "भागवतराव तुमची पत्रं आम्हाला इथं वाचून दाखवतेत की. मंग त्या म्हशीनं सरपंचाचा सदरा खाल्ला त्याचं पुढं काय झालं?" त्यांनी पाणी दिलं, चहा दिला, आणि मी सदऱ्याचं सगळं सांगितलं. आणखी दोघी-तिघी येऊन बसल्या. दीड तास कसा गेला कळलं नाही. मग मी धम्मपालला ऐटीत फोन केला, की मी भागवतरावांकडे आलोय, न्यायला ये. त्याला अजून खरं माहीत नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

तरीसुद्धा, सर्व बाजूंचा शांत डोक्यानं विचार करून, 'जाऊ नये' या बाजूला अकरा कारणं भरली आहेत आणि डावीकडे एकच शब्द उरला आहे. अकराला एक, म्हणजे निकाल उघड आहे. मी इथंच राहणार. गिरिजा भेटली तर सांगा की माझी तब्येत उत्तम आहे, मी भाकरी करायला शिकलो आणि घर कसं शांत वाटतं. अक्कांना जय भीम, उषाबाईंना नमस्कार, गुडघ्याला तीळतेल चोळा.

आपला साडू,
पुंजाराम

ता. क. (गुरुवार) भाकरी करायला शिकलो हे खोटं आहे. तव्यावर नुसता पिठाचा राडा झाला आहे. बाकीही थोडं सांगायचं राहिलं. घर शांत आहे ते इतकं, की गेल्या आठवड्यात मी स्वतःच स्वतःला एक पोस्टकार्ड टाकलं, म्हणजे निदान टपालाच्या निमित्तानं कुणी दार वाजवेल. माझ्या जागी आता वंदना नावाची मुलगी टपाल वाटते. तिनं काल कार्ड आणलं, अक्षर बघितलं आणि म्हणाली, "काका, तुम्हीच तुम्हाला लिवलंय व्हय?" मी म्हणालो, खात्याची परीक्षा घेत होतो. कार्डावर मी लिहिलं होतं, तब्येत कशी आहे, कळवणे. ती पोर हुशार आहे, कार्ड दिल्यावर लगेच गेली नाही, उंबऱ्याशी थांबली. मीच तिला शिकवलं होतं, की पत्र हातात दिलं तरी माणसाचं वाचून होईपर्यंत हलायचं नाही, बातमी कशी असेल सांगता येत नाही.

ता. क. २. त्या पानावर डावीकडे उरलेला शब्द 'गिरिजा' असा आहे. तो उजवीकडे न्यायचा मी नऊ दिवस प्रयत्न केला.

ता. क. ३. (शुक्रवार सकाळ, परतूर स्टेशनच्या बाकावरून) पाकिटावर तिकीट नाही हे तुम्ही बघितलंच असेल. पेटीत टाकलं असतं तर चार दिवस लागले असते, आणि एकट्यानं आणखी चार दिवस माझ्यानं निघत नव्हते. तोंडानं सांगायला घेतलं असतं तर दारातच रडलो असतो, म्हणून लिहून आणलं. आता काम एवढंच, की मला धम्मपालच्या घरापर्यंत सोडून या, बिल्डिंगीचं नाव मला अजून आठवत नाही. रखवालदाराच्या वहीत 'बाप' लिहिलं आणि त्यानं हरकत घेतली तर तुम्ही साक्षीला असा. गिरिजाला सांगा की मी तुमचा गुडघा बघायला आलो होतो.

पत्र संपलं. आता चष्मा काढा आणि उंबऱ्याकडे बघा. तुमचं वाचून होईपर्यंत मी इथंच पिशवी घेऊन उभा आहे. हात वर करायची मला या शहरात हिंमत होत नाही, तेवढा तुम्ही करा.