खंडेनवमीच्या किल्ल्या

१४ सप्टेंबर, रविवार. अल खोर, कतार.
आज गेटपाशी की-बॉक्स बसला. लाल, पोलादी, भिंतीत रोवलेला. आत सगळ्या फ्लॅट्सच्या किल्ल्या. कुणी आत अडकलं की फायरवाले आपल्या किल्लीने बॉक्स उघडणार, फ्लॅटची किल्ली घेणार, दार उघडणार. तोडफोड बंद. बॉक्सची दुसरी किल्ली कंपनीने बिल्डिंग कोऑर्डिनेटरला दिली. म्हणजे मला.
हे सगळं समोरच्या ३०२ मधल्या मिहीरमुळे. जुलैत एकटा असताना आत कोसळला. दार तोडेपर्यंत फार उशीर झाला. चांगला पोरगा होता. गेला.
संकल्प: यंदाचं सेफ्टी अवॉर्ड आपलं.

१७ सप्टेंबर, बुधवार
संध्याकाळी ३०२ मधून आवाज. टक. मग थांबून टक, टक. फ्लॅट जुलैपासून रिकामा. भूतबित मी मानत नाही, मेकॅनिकल इंजिनियर आहे. एसीचा डक्ट असणार. शैलजा म्हणाली, किल्ली तुझ्याकडेच आहे ना, बघून ये की. बायकोला प्रोटोकॉल समजावणं अवघड. बॉक्स फक्त इमर्जन्सीसाठी.
अण्णांनीही भुणभुण लावलीय. अण्णा म्हणजे सासरे, सिन्नरचे निवृत्त गणित मास्तर, व्हिजिट व्हिसावर यंदाही आलेत. मिहीरने बाल्कनीत गवती चहा लावला होता, गेल्या हिवाळ्यात दोघं रोज तो घालून चहा प्यायचे. सुकला असेल हो देवव्रतराव, पाणी घालून येतो, म्हणाले. म्हटलं, बघू.

२१ सप्टेंबर, रविवार
आज ३०२ उघडून बघायचं नक्की केलं होतं. पण सर्वपित्री अमावस्या निघाली. मी मानत नाही, पण उगाच कशाला.
मिहीरची ड्रिल मशीन माझ्याकडे राहिलीय. एप्रिलमध्ये आणली होती. परत द्यायला हवी होती. आता कुणाला देणार? तो त्यासाठी येत असेल असं नाही. नुसतं आठवलं म्हणून लिहिलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार
३०२ ला बाहेरून कडी बसवली, दणकट कुलूप घातलं. चोरीच्या दृष्टीने. ड्रिल मिहीरचीच वापरली, दुसरी नाही घरात. नुपूर शाळेतून आली, बघून म्हणाली, डॅड, यू आर लॉकिंग इट इन. ही इंग्लिश मीडियमची पोरं.
कुलपाची किल्ली जुडग्यात टाकली. सिस्टिम म्हणजे सिस्टिम.

१ ऑक्टोबर, बुधवार. खंडेनवमी.
सकाळी ९.
रजा टाकलीय. शैलजा शाळेत शिकवायला, नुपूर शाळेत शिकायला. आज हत्यारांची पूजा. इंजिनियरचं हत्यार लॅपटॉप, कोऑर्डिनेटरचं हत्यार किल्ल्या. बॉक्समधलं अख्खं जुडगं वर आणलं. बॉक्स रिकामा कसा ठेवायचा, म्हणून आत सुपारी, अक्षता आणि झेंडूचं फूल ठेवलं. शुभ असतं.

१०.३०
एसीवाला मुदस्सिर ३०२ ची सर्व्हिस करून गेला. मी दारातूनच सुपरव्हिजन केलं. माझ्या दारातून. फरशी ओली आहे, दार जरा उघडं ठेवलंय, वाळली की लावून घ्या, म्हणाला. जुडगं परत दिलं. हळदकुंकू वाहून देवापुढे मांडलं. आता उद्या दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही.

११.१५
अंघोळ करून बाहेर आलो तर ३०२ चं दार अजून किलकिलं. आत कसलीशी सावली हलली. पडदा असणार. आत पडदे नाहीत हे नंतर आठवलं. डोळे मिटून दार ओढलं, कडी घातली, कुलूप दाबलं. काम फत्ते. कुलूप दोनदा ओढून बघितलं, सिस्टिम म्हणून.
अण्णा दिसत नाहीत. तळमजल्यावर उस्मानभाईंकडे गप्पा मारत बसले असतील. फोन इथेच चार्जिंगला.

१२
ठोकतोय. आतून. हा डक्ट नाही.

१
शैलजाचा फोन. अण्णांना वाढलंस का, वेळेवर जेवले नाहीत तर शुगर उतरते त्यांची. म्हटलं, उस्मानभाईंकडे जेवतील, तू मुलांना शिकव.
ठोकणं चालूच. पाचावर धारण बसली म्हणतात ती कुणाची तरी दुसऱ्याची. मी फक्त बसून आहे.

१.४०
ठरवलं. सामना करायचा. ३०२ च्या दाराशी उभा राहिलो आणि मन स्थिर ठेवायला मोठ्याने पाढे म्हटले. एकोणतीसचा घेतला, अवघड असला की भीतीला जागा राहत नाही. एकोणतीस सत्ते दोनशे तेरा म्हटलं, तर आतून आवाज आला: दोनशे तीन.
घोगरा, म्हातारा आवाज. मेल्यावर आवाज बदलत असेल. मिहीर हिशेबाला पक्काच होता.
घरात आलो. धावत नाही, भरभर.

१.५०
ठोकणं थांबलं. पूर्ण शांत. माझ्या पाढ्याने काम केलं. शैलजाला सांगीन तेव्हा तिचा विश्वास बसणार नाही.

२.१०
आता माझ्याच दारावर ठोकतोय. आणि उस्मानभाईंच्या आवाजात, अगदी रत्नागिरीच्या हेलात. देवव्रतभाई, दार उघडा, खालून दिसतंय, अण्णा वरच्या बाल्कनीत जमिनीवर बसलेत, हाक मारली तर बोलत नाहीत. नक्कल छान करतो. मी बेडरूमचं दार लावून घेतलं. फोन वाजतोय, स्क्रीनवरही उस्मान. फोनपर्यंत पोचलाय.

२.३०
सायरन. आपल्याच गेटशी. फायरवाले आले. बरं झालं. निदान बॉक्सची व्यवस्था बघतील.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा.
कुणी कुणाला सोनं दिलं नाही.
त्यांनी बॉक्स उघडला. त्यांचा साहेब सुपारी हातात घेऊन उस्मानभाईंना काहीतरी विचारत होता. उस्मानभाईंनी काय सांगितलं ते मला सांगितलं नाही. मग कटरने कडी कापली. जुलैत मिहीरचं दार तोडताना ऐकला होता तसाच आवाज, म्हणून मी बाहेर आलो. अण्णांना उचलून आणत होते. घामाने भिजलेले, ओठ पांढरे. बाटलीभर पाणी घेऊन गवती चहाला घालायला गेले होते. एका फायरवाल्याने खिशातला खजूर काढून तोंडात घातला, नंतर हॉस्पिटल. साखर फार खाली गेली होती. अजून थोडा उशीर झाला असता तर, एवढंच डॉक्टर म्हणाले आणि शैलजाकडे बघितलं. माझ्याकडे नाही.
शैलजा त्यांच्याजवळच बसून आहे. माझ्याशी बोलत नाही.
अण्णा बोलले. सकाळी मी त्यांच्या उशाशी उभा होतो, तेव्हा. रागावले नाहीत, ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, देवव्रतराव, खूप ठोकलं हो आधी, घाबरलो होतो. मग तुमचा आवाज आला, पाढे म्हणताय. म्हटलं, जावई दाराशीच आहेत. आता कशाला ठोकायचं. मग गप्प बसून राहिलो.