उकिरड्याची जागा आणि प्रेमराजची गोष्ट

मी उखर्डू वना पाटील, वय चौऱ्याऐंशी, राहणार नरडाणा, तालुका शिंदखेडा, जिल्हा धुळे, कोणाच्या धाकाने नव्हे, स्वतःच्या मर्जीने हे लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. मत्सर आजारात धरत नाहीत, हे वकिलांना विचारून घेतले.

१. राहते घर मुलगी दिपमाला हिला. शेत दिपमाला व मुलगा ललित यांना निम्मे-निम्मे. ललित सतरा वर्षे माझ्या धाकट्या भावाच्या, म्हणजे लोकांच्या प्रेमराजबाबाच्या, आश्रमात सेवा करतो. बापाचे पाय चेपायला त्याला कधी सवड झाली नाही. तरी हिस्सा कमी केलेला नाही.

२. देव्हाऱ्यातला प्रेमराजचा फोटो माझी पत्नी कै. यशोदाबाई हिने लावला. रोज आधी त्याला फूल, मग मला चहा. फोटो ललितने न्यावा.

३. घरामागची उकिरड्याची जागा आश्रमाला स्मारकासाठी हवी आहे. "मला आईने उकिरड्यावर टाकले, म्हणून टाकलेल्या प्रत्येकात मला देव दिसतो," हे प्रेमराजचे प्रवचन ऐकून हजारो माणसे रडली. पण उकिरड्यावर ठेवलेले मूल मी आहे. माझ्याआधीची तीन दगावली, म्हणून आईने मला तिथे ठेवले, आत्याने उचलले, आणि आईने सूपभर बाजरी देऊन मला तिच्याकडून परत घेतले. नावही त्यावरूनच पडले. प्रेमराज पाच वर्षांनी घरात, खाटेवर, धडधाकट जन्मला. बायकोची भक्ती नेली, पोरगा नेला, वर माझा जन्मही नेला. माझ्या नावाची पाटी लावल्याशिवाय जागा देऊ नये, असे मी आधी लिहिले होते.

ते खोडले आहे. यंदा पोळ्याला, स्वतःच्या मरणाच्या आठ दिवस आधी, प्रेमराज एकटाच घरी आला. माझी गोष्ट का घेतलीस, असा मी जाब विचारला, "तुनी मन्ही गोष्ट काबर लिधी?"

तो म्हणाला, "भाऊ, तू जगाले पाहिजे म्हनीसन मायनी एवढं करं. मन्हाकरता तिनी काहीच करं नही. माले जलमभर तुन्हा हेवा वाटना."

एवढ्या लोकांचा बाबा, आणि जळत होता माझ्यावर. त्या दिवशी मला दोन भाकरी जास्त गेल्या. रात्री मात्र रडू आले.

४. सबब, जागा आश्रमाला, पाटीशिवाय. आणि ती गोष्ट प्रेमराजला. मेलेल्याला काही देता येत नाही, असे वकील म्हणाले. तरी मी त्यांना लिहायला लावले. मुलांनी ती कोणापुढे दुरुस्त करू नये. हे देताना मला जरासुद्धा आनंद होत नाही, हे दोन्ही साक्षीदार समोर बसून पाहत आहेत.

सही: उखर्डू वना पाटील
साक्षीदार: १. भिकन हिलाल माळी २. कौतिक दगा पाटील
नरडाणा, दि. १४ नोव्हेंबर २०२५