ओल्या पावडरीचा आकडा

तोकाई, ६ जुलै १९९६

चि. नात्सुएस अनेक आशीर्वाद.

सेन्दाईच्या परिषदेत मुख्य व्याख्यानाचं तुला बोलावणं आल्याचं कळलं. कळलं म्हणजे काय, आईने त्याची प्रत बाबांच्या तसबिरीपुढे ठेवून त्यांना कळवायला घंटी वाजवली आणि शेजारच्या ओनुकीबाईंना सणासुदीचा लाल भात वाटला. मी निओडिमियमचा आकडा काढला तेव्हा तिने विचारलं होतं, याने खोकला बरा होतो का! असो.

अभिनंदन. आता खरं सांगते, पोटात दुखतंय. ताऱ्यांत जड मूलद्रव्यं कशी तयार होतात याचा हिशोब करणारे सगळे नऊ वर्षं माझाच आकडा धरतात: निओडिमियमचा अणू न्यूट्रॉन किती गिळतो तो. तुझा आकडा त्याहून बराच मोठा. निओडिमियमची पावडर मात्र एकाच बाटलीतली, मीच तुला धाडलेली! ही पावडर हवेतलं पाणी पिते. पाण्यात न्यूट्रॉन अडखळून मंदावतात, आणि मंद न्यूट्रॉन जास्त गिळले जातात. तू ती भट्टीत भाजून घेतलीस ना? नसशील, तर व्याख्यानाआधी निस्तर.

सोबत वाळवलेली रताळी आहेत. आईनेच निवडली. मऊ तुला, कडक मला.

राग आला तरी पत्र धाड.
चिगुसाताई

कार्ल्सरुह, १५ जुलै

ती. चिगुसाताईस शि. सा. न. वि. वि.

रताळी पोचली, टोमण्यांसकट. शाळेत माझ्या चित्राला बक्षीस मिळालं तेव्हाही तू सगळ्यांना सांगत सुटली होतीस की रंग ओला आहे, हात लावू नका. आताही तेच!

नव्हती भाजली. बाटलीवर तुझ्या सुबक अक्षरात 'कोरडी' लिहिलेलं होतं. ताईवर विश्वास ठेवला, हा माझा गुन्हा. आणि जळायचा मक्ता काय एकट्या तुझाच? तू रोज आईच्या हातचं मिसो सूप पितेस. माझ्याशी बोलताना तिला फोनचं बिल दिसतं.

भाजते. पण आकडा जागचा हलला नाही, तर सेन्दाईत पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवायच्या, कबूल?

आईला नमस्कार, तुला अर्धाच.
नात्सुए

कार्ल्सरुह, १८ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

पावडर भाजली. गरम असतानाच कोरड्या पेटीत डबीबंद केली, वारा लागू दिला नाही. सोन्याचा आकडा पक्का ठाऊक, म्हणून त्याच्या पत्र्याशी ताडून पुन्हा मोजलं. तुझं खरं ठरलं, माझा आकडा धाडकन उतरला.

पण ताई, तो तुझ्या आकड्यापाशी थांबला नाही. त्याच्याही खाली गेला. पुन्हा मोजलं, तरी तेच. रागावू नकोस, पण तू भाजल्यावर पावडर कुठे ठेवली होतीस? मी अजून कोणाला बोललेले नाही. तू म्हणशील तर बोलणारही नाही.

तुझी वाट पाहणारी,
नात्सुए

तोकाई, ३० ऑगस्ट

चि. नात्सुएस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून वाटलं, या पोरीचं तोंड पाहू नये. बरं की तू लांब आहेस. मग कपाटातली माझ्या त्या मोजणीची जुनी डबी काढली. वजन केलं, उघडून भाजली, पुन्हा वजन केलं. हलकी भरली, म्हणजे आत पाणी होतंच.

भाजल्यावर निवायला मी ती खिडकीत ठेवली होती गं, आपण रताळी ठेवतो तशी! समुद्राचा वारा लागला की वस्तू वाळते, हे आपल्या गावाच्या हाडात मुरलेलं. वारा हिवाळ्यातला कोरडा की जुलैतला दमट, एवढंही मला सुचू नये?

खबरदार गप्प बसलीस तर. आकडा तुझाच खरा. निओडिमियम कमी गिळतो, म्हणून ताऱ्यात जास्त उरतो. माझा हेवा गेला असं मात्र समजू नकोस, दुप्पट झालाय. चूक माझी, तर ती मला सापडायला हवी होती, तुला का?

माझा आकडा रद्द धरावा, असं तो छापणाऱ्या मासिकाला लिहिलं. तिकीट लावताना आईने विचारलं, काय धाडतेस? म्हटलं, माझं चुकलं, ते. तिने पाकीट माझ्या हातून घेतलं, बाबांपुढे ठेवलं आणि घंटी वाजवली. माझ्यासाठी पहिल्यांदाच. मला रडू आवरलं नाही.

सेन्दाईत पहिल्या रांगेत बसेन. टाळ्याही वाजवेन, दात-ओठ खाऊन.

लोभ तुझा असू दे, हेव्याचं माझं मी बघते.
चिगुसाताई